लाल पेन्सिल आणि तारबाबूंची वही

तारबाबूंचे कान एवढे तिखट होते की गोंदियाच्या फलाटावर कोणी खोकलं तर ते तुमसरला खाटेवर पडल्या पडल्या सांगत, हा खोकला तंबाखूचा आहे की दम्याचा. तुम्ही म्हणाल, लोणकढी आहे. असेल. पण मी तरी निम्मीच सांगतोय. तुमसरची जुनी माणसं पूर्ण सांगतात, आणि त्यांच्या हकिकतीत गोंदियाच्या जागी कलकत्ता असतं.

रेल्वेच्या तारखात्यात उभी हयात कट्ट-कडकट्ट करण्यात घालवून ते निवृत्त झाले आणि भाताच्या एका गिरणीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या घेऊन राहिले. एकीत ते आणि दुसरीत रेडिओ. रेडिओ म्हणजे पोटं फाडून ठेवलेले, आतडी बाहेर लोंबणारे, एकमेकांचे अवयव उसने घेऊन जगणारे. दर रविवारी दुपारी आसपासच्या गावांतून लोक सायकली हाणत तिथं यायचे आणि स्वतःच्या हातानं रेडिओ बांधायला शिकायचे. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत नवा कारकून होतो. आवाज मोठा, अक्कल मध्यम.

तारबाबूंचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहिलं तर ते स्वर्गातून चमचा फेकून मारतील. कारण त्यांच्या खोलीत नावाला बंदी होती. "आडनाव चपलेपाशी काढून ठेवा अन् मंग आत या," असं ते दारातच सांगत. आत प्रत्येकाला त्याच्या गावाच्या नावानं हाक. किराणा दुकानवाला गृहस्थ होता, तो आंधळगाव. मँगनीजच्या खाणीवर काम करणारा, दाराच्या चौकटीला दोन्ही खांदे घासत आत येणारा, तो नाकाडोंगरी. मी मोहाडी. त्यामुळे "आंधळगाव, जरा मोहाडीचा पाय उचल, वायरवर पडला आहे," अशी वाक्यं तिथं सहज ऐकू येत.

"हे असं काहून जी?" नाकाडोंगरीनं एकदा विचारलं.

"तारेवर जन्म गेला माझा," तारबाबू म्हणाले. "तारेवर माणसाची जात ऐकू येत नाही. बाई का बुवा तेही ऐकू येत नाही. फक्त हात ऐकू येते. हात साफ आहे का नाही, बस. मी तीस वर्षं ज्याइच्याशी बोललो त्याइच्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही, अन् कोणाचं काही अडलं नाही."

आता हे ऐकायला गोड वाटतं. पण पिण्याच्या पाण्याचा माठ एक आणि ग्लास एक, आणि येणारे सतरा घरांचे. आमच्यातला एक जण घरून पितळेचा लोटा घेऊन यायचा. आईनं दिलाय, घशाला दुसरं पाणी सोसत नाही, असं काहीतरी सांगायचा. तारबाबूंनी चार रविवार तो लोटा बघितला. पाचव्या रविवारी म्हणाले, "वा, काय जड पितळ आहे. आपली अर्थिंग कमजोर होऊन राहिली होती." आणि लोट्याला तांब्याची तार जोडून तो अंगणात चार फूट खोल पुरला. वरून मिठाचं पाणी. नागपूर स्टेशन त्या दिवशी असं खणखणीत लागलं की निवेदकानं घसा खाकरला तरी आम्ही मागे सरकलो. दर रविवारी त्या जागी मिठाचं पाणी ओतायचं काम लोटेवाल्याकडेच दिलं होतं. तो कोण ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की माझी आई तो लोटा तीन वर्षं शोधत होती.

माणसाला खोलीतून हाकलायचं नाही आणि त्याला तसंच राहूही द्यायचं नाही, ही त्यांची तऱ्हा. नव्या माणसाला ते 'तुम्ही' म्हणत, मग तो सोळा वर्षांचा का असेना. पंख्याचं तोंड नव्याकडे, चांगली पक्कड नव्याला. आम्हा जुन्यांना 'अबे'. "नव्याले आपल्या खोडी लागल्या नसतात," ते म्हणत. "तो जे विचारते ते आपण विचारायचं विसरलो असतो." नव्याला कोणी "एवढं साधं समजत नाही का?" असं म्हटलं की ते चमचा घेऊन चहाच्या काचेच्या ग्लासावर ठोकायला लागत. टक टक टक. बोलणारा गप्प होईपर्यंत. एका रविवारी एक हट्टी वकील आला होता, त्याच्यासाठी त्यांनी तीन ग्लास फोडले.

पण या सगळ्याच्या खाली एक भीती होती, आणि ती कळायला मला फार वेळ लागला. चार वाजले की ते दारात जाऊन चपला मोजत.

"आंधळगाव आला नाही. मागच्या रविवारी त्याले कोणी काही बोललं का?"

"कोणी नाही जी. त्याची म्हैस वेली असन."

"कोणी हसलं का? आठवून सांगा."

त्या दिवशी ते चहा पीत नसत. सोमवारी आंधळगावला पोस्टकार्ड जाई: प्रकृती कशी आहे, इकडे सर्व ठीक, आपली जागा रिकामी आहे. आंधळगाव पुढच्या रविवारी खरवस घेऊन हजर होई, आणि तारबाबू त्याच्याकडे असे बघत जसा काही तो चितेवरून उठून आला आहे.

त्या खोलीचा जीव होता एका वहीत. जाड, लाल बांधणीची, तारखात्यातली जुनी. तीत रेडिओचे नकाशे काढलेले असत. कुठली तार कुठं, कंडेन्सर किती, कॉइलला वेढे किती. कोणीही यावं, कोणाचाही नकाशा उतरवून घ्यावा, त्यात बदल करावा आणि बदललेला पुन्हा वहीत काढून खाली लिहावं: मूळ आंधळगाव, बदल नाकाडोंगरी. वहीचं पान फाडायचं नाही आणि लिहिलेलं खोडायचं नाही, चूक असली तरी. "चूक दिसली पाहिजे. नाही तं दुसरा तिथंच पडन," असं त्यांचं म्हणणं. चुका दाखवायला खिळ्याला दोरीनं बांधलेली एक लाल पेन्सिल होती. लाल पेन्सिलीनं नकाशाबद्दल लिहायचं, नकाशा काढणाऱ्याबद्दल नाही.

मी त्या पेन्सिलीचा राजा होतो. खोटं नाही सांगत, चार वर्षांत त्या वहीचं एकही पान असं उरलं नसेल ज्यावर माझं लाल अक्षर नाही. इथं शॉर्ट होईल. हा कंडेन्सर फुटेल. हा रेडिओ लागला तर मी मिशी काढीन. लोक हसायचे. मला वाटायचं, मी आहे म्हणून खोलीत जान आहे.

अशात एक दिवस एकोडी आली.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गाव साकोलीकडचं एकोडी, घर बौद्धांचं, इथं आत्याकडे राहायची. चपला काढल्या, आडनाव काढलं, आणि तारबाबूंनी पंखा तिच्याकडे वळवला. पहिले तीन रविवार ती एक शब्द बोलली नाही. चौथ्या रविवारी तिनं वहीत नकाशा काढला.

इथं गिरणीबद्दल सांगायला हवं. हंगामात ती गिरणी रविवारही पाळत नसे, आणि तिची मोटर चालू झाली की आमच्या सगळ्या रेडिओंमध्ये घर्रर्र असा आवाज शिरे. बातम्या सांगणारा भात कांडत बसला आहे असं वाटे. या घर्रर्रवर आम्ही काय नाही केलं. जाळ्या लावल्या, डबे लावले, नाकाडोंगरीनं तर एक रेडिओ शेणानं लिंपून पाहिला. काही फरक नाही.

एकोडीच्या नकाशात छपरावरची एरियल नव्हतीच. तिच्या जागी सूप होतं. धान पाखडायचं बांबूचं सूप, त्याच्या कडेनं तांब्याच्या तारेचे वेढे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आत्याचा लहान ट्रान्झिस्टर एका बाजूला वळवला की गिरणीचा आवाज बंद होतो व स्टेशन राहते. तसे सूप वळवून पाहावे.'

मी वही घेतली. लाल पेन्सिल घेतली. आणि त्या सुपाशेजारी लिहिलं: 'बाई, सुपानं धान पाखडा. रेडिओ आम्ही पाखडतो.'

आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

खोली हसली. आंधळगाव हसला, नाकाडोंगरी मांडीवर थाप मारून हसला. मी ग्लासावर चमच्याचा आवाज यायची वाट पाहत होतो, तो आला नाही. एकोडीनं वही आपल्याकडे ओढली, वाचलं, मिटून जागेवर ठेवली. सहा वाजता सगळ्यांबरोबर उठून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तारबाबूंनी पोस्टकार्ड टाकलं नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही आलो तर वही पेटीत आणि पेटीला कुलूप. ते म्हणाले, "एकोडीबाई आल्या तं उघडन. नाही आल्या तं नाही उघडन. रविवारही बंद."

आंधळगावच्या पुतणीच्या लग्नात द्यायचा रेडिओ अर्धा बांधून पडला होता आणि त्याचा नकाशा वहीत होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझा डावा कान गरम झाला. नाकाडोंगरी म्हणाला, "तुझ्या एका ओळीपायी, मोहाडी. एका ओळीपायी." मी म्हटलं, तुम्ही पण हसलेच ना बे. तो म्हणाला, "म्हणून तं राग येऊन राहिला."

सगळे गेल्यावर तारबाबूंनी मला थांबवलं. मला वाटलं, आता ग्लास माझ्या डोक्यावर फुटणार. ते खाटेवर बसले आणि चमच्याशी चाळा करत राहिले.

"मी नोकरीत नवा होतो तवा एक हात होता तारेवर," ते म्हणाले. "कोण्या स्टेशनातला, मले माहीत नाही. लय सावकाश पाठवायचा. चुकायचा, पुन्हा पाठवायचा. सगळी लाइन खोळंबायची. एक दिवस मी तारेवरच त्याले म्हटलं, झोपला का बे, म्हशी राखाले जाय. लाइनीवरच्या साऱ्या स्टेशनाइनं ते ऐकलं. साऱ्याइनं उलट टकटक करून हासणं पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून तो हात आला नाही."

"बदली झाली असन जी."

"असन." त्यांनी चमचा पालथा केला. "तीस वर्षं मी त्याची वाट पाहिली. कुठंही सावकाश हात ऐकू आला की वाटे, तोच आहे का. कधी समजलं नाही." मग चमचा खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी तू वाचलं तवा मी चमचा काहून नाही वाजवला, माहीत आहे? मलेही हासू आलं होतं."



"आता काय करू?" मी विचारलं.

"ज्या नकाशावर हासला तो बांध. जसा काढला तसाच. आपलं डोकं चालवू नको."

नकाशा त्यांनी मला पेटी न उघडता, आठवणीनंच काढून दिला. माझ्या लाल ओळीसकट. ती उतरवायलाही ते विसरले नाहीत.

मी सूप विकत घेतलं. तुमसरच्या बाजारात पाटबंधाऱ्याचा बाबू बगलेत सूप मारून चालला आहे हे पाहून भाजीवाल्या बाया विचारायच्या, "का जी बाबू, बायको माहेरी गेली का?" मला बायकोच नव्हती. आठवडाभर कचेरीतून आलो की दार लावून वेढे घालायचो. जेवण जाईना. बांधलेलं चाललं, तर मी गाढव ठरणार होतो. नाही चाललं, तर लोक म्हणतील, पाहा, मोहाडी बरोबरच होता, आणि मग ती कधीच येणार नाही. दोन्हीकडून मरणच. शनिवारी सगळं जोडलं, बॅटरी लावली.

काही नाही. घर्रर्रसुद्धा नाही. मसणवटीत असते तशी शांतता.

सोमवारी कचेरीतला फोन उचलला. पलीकडून तिचा आवाज आला, "नंबर?" मी फोन ठेवला. मंगळवारी तीनदा उचलला, तीनदा ठेवला. बुधवारी आमच्या साहेबांनी विचारलं, फोनला विंचू चावतो का. गुरुवारी मी उचलला आणि ती म्हणाली, "नंबर सांगा नाहीतर लाइन मोकळी करा. चार दिवसांपासून पाहून राहिली मी, या कचेरीतून कोणीतरी नुसता श्वास घेते."

"मी मोहाडी," मी म्हटलं.

दुसऱ्या लाइनींची खडखड तेवढी ऐकू येत होती.

"मी सूप बांधलं. बोलत नाही. चूक माझीच असन. आणि ते जे मी लिहिलं..." इथं माझा तो मोठा आवाज, ज्यानं कालव्याचं पाणी उलटं फिरेल असं लोक म्हणत, तो कुठं गेला कोण जाणे. "ते लिहायचं नव्हतं. चुकलं माझं. रविवार बंद पडला."

"ड्यूटीवर आहे मी," ती म्हणाली. लाइन गेली.

बंद असूनही रविवारी सूप पाहायला आम्ही सगळे वही नसलेल्या खोलीत बसलो. मध्ये माझं मुकं सूप. गिरणी धडाडून चालू. तारबाबू दारात आणि खोलीत, खोलीत आणि दारात. तीन वाजून गेले. नाकाडोंगरीनं बिडी पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली.

चपलेचा आवाज आला तेव्हा तारबाबू आमच्याकडे तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत. त्यांचे कान तेवढे हलल्याचं मी शपथेवर सांगतो.

"मी तुमच्यासाठी नाही आली," एकोडी मला म्हणाली. "सुपासाठी आली." मग उभ्यानंच सगळ्यांकडे पाहून म्हणाली, "धान पाखडतच मोठी झाली मी, त्याची लाज नाही मले. यानं लिहिलं त्याचंही एवढं नाही लागलं. तुम्ही सारे हासले ते लागलं."

आंधळगावनं मान खाली घातली. म्हणाला, "चुकलं, ताई." नाकाडोंगरीनं तोंडातली बिडी काढली आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून हातातच धरून बसला. तारबाबू पुढं आले. एवढा म्हातारा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा हात समोर बांधून म्हणाला, "मीही हासलो होतो, बाई. या पोट्ट्याइले समजवणारा मी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. खाली बसली, सूप मांडीवर घेतलं आणि तारेची दोन्ही टोकं बघितली. मग पिशवीतून ब्लेड काढलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या तारेवर लाखेचा पातळ मुलामा असतो. टोकं खरवडून मुलामा काढल्याशिवाय त्यातून काही जात नाही. हे आम्ही नव्या माणसाला पहिल्या रविवारी पहिल्या तासाला शिकवत असू. आणि मी, चार वर्षांचा मुरलेला, तसाच कथलाचा डाग देऊन मोकळा झालो होतो. भीतीनं माझे हात कुठं होते कोण जाणे.

सगळ्यांना दिसलं. सगळे तिच्याकडे पाहू लागले. आता ही बोलणार. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

तिनं टोकं खरवडली आणि नाकाडोंगरीकडून डाग देऊन घेतले. रेडिओ घर्रर्र करू लागला, अगदी गिरणीच पोटात घेतल्यासारखा. मग तिनं सूप दोन्ही हातांत उभं धरलं आणि हळूहळू वळवलं. घर्रर्र कमी झालं. अजून कमी. एका जागी येऊन ते पार गेलं आणि तिथं एक बाई नागपूरहून कांदे साठवायची पद्धत सांगत होती. भिंतीपलीकडे गिरणी तशीच धडाडत होती. सूप थोडं इकडे केलं की गिरणी, थोडं तिकडे केलं की कांदे. आंधळगावनं ते स्वतःच्या हातानं अकरा वेळा करून पाहिलं. हसत होता, डोळे पुसत होता. कांद्याची माहिती ऐकून एवढा रडलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

तारबाबूंनी पेटीचं कुलूप काढलं. वही बाहेर आली.

एकोडीनं तिच्या पानाखाली 'बांधले व चालले, मोहाडी व नाकाडोंगरी' असं लिहिलं, आणि पानं मागं मागं उलटू लागली. एक एक पान. मला वाटलं, काही शोधतेय. शेवटी मान वर करून विचारलं, "तुमचा नकाशा कोणत्या पानावर आहे? तुम्ही माझा बांधला, मी तुमचा बांधते."

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

आंधळगाव म्हणाला, "असन ना, पाह्य, इतके दिवसांपासून येऊन राहिला." त्यानं वही घेतली, पहिल्या पानापासून पाहिली. माझं लाल अक्षर पानोपानी होतं. नकाशा एकही नव्हता. चार वर्षांत मी एक रेघ काढली नव्हती, कारण काढली असती तर लाल पेन्सिल दुसऱ्या कोणाच्या हातात गेली असती. हे मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तारबाबूंकडे पाहिलं. त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ते एकटेच वहीत पाहत नव्हते.

त्यांनी कोरं पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि साधी पेन्सिल दिली.

"मले नाही येत," मी म्हटलं.

"जेवढं येते तेवढं काढ," तारबाबू म्हणाले. "सहा वाजेपर्यंत उजेड आहे."

मी एरियल काढली. ती विजेचा लोळ पडल्यासारखी वाकडीतिकडी आली. मग कॉइल. एकोडी माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःच्या वहीत उतरवून घेत होती, रेघेला रेघ, वेढ्याला वेढा. बाकीचेही जवळ आले. मी कंडेन्सर उलटा जोडला, माझ्या ते लक्षात आलं, आणि इथं खोडायचं नसतं हेही लक्षात आलं. मी थांबलो. हसण्याची वाट पाहत राहिलो.

"मंग?" एकोडी म्हणाली. तिची पेन्सिल माझ्या पुढच्या रेघेसाठी थांबली होती.